फ्यूजमामांचा खिसा

आमच्या सासूबाईंना नळ चावायचा. हे शब्द त्यांचेच. न्हाणीघरातल्या पितळी नळाला हात लावला की चावतो, असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा नवरा हसला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने भर दुपारी जाऊन नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला आणि "कुठे चावतोय?" म्हणत ओला हात आईपुढे नाचवला. तिसऱ्यांदा त्या काही बोलल्याच नाहीत. नळाला एक फडकं गुंडाळलं आणि आंघोळी कमी केल्या.

ते फडकंच त्यांना भोवलं. माझे थोरले दीर दुसऱ्या शहरात राहतात आणि अधूनमधून येऊन आम्हा सगळ्यांना शिस्त लावून जातात. त्यांनी ते फडकं पाहिलं, आईला डॉक्टरांकडे नेलं. या वयात असे भास होऊ शकतात, लक्ष ठेवा, एवढंच डॉक्टर म्हणाले. दिरांनी त्यातलं 'लक्ष ठेवा' तेवढं उचललं आणि जिथे चोवीस तास लक्ष ठेवतात अशा एका वृद्धांच्या संस्थेत खोली पक्की करून टाकली. बाग आहे, परिचारिका आहेत, सोबतीला माणसं आहेत. येत्या रविवारी गाडी घेऊन येतो, आईची बॅग भरून ठेवा.

सासूबाई खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि मला म्हणाल्या, "एकदा इथून गेले ना, की मी परत यायची नाही. तिथून कुणी परत येत नाही."

आता आमच्या दोघींचं फार गूळपीठ आहे असं मुळीच नाही. मी टाकलेल्या मिठावरून त्यांचं तोंड रोज वाकडं होतं, त्यांच्या मशीनच्या खडखडाटाने माझं डोकं उठतं. पण या बाईने जन्मभर शिवणकाम केलंय. एकदा सुई बोटातून आरपार गेली तेव्हा 'आई गं' सुद्धा न म्हणता, "जरा पक्कड आण," एवढंच म्हणाल्या. अशी बाई नळ चावतो म्हणते, तर चावत असणार. मी घरात जाहीर केलं की रविवारच्या आत या नळाचा निकाल लावणार. नवरा म्हणाला, "लाव."

म्हणणं सोपं आहे. चांगला वायरमन शोधणं म्हणजे नाकी नऊ येण्याचा उद्योग. यांना फोन केला की ते कायम 'निघालोच' असतात. माझी खात्री आहे की यांची पोरं जन्मतानाच 'निघालोच' म्हणत असतील. एक आला तो दुपारी. नळाला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. "आजी, नळातून पाणी येतं, करंट नाही," म्हणून खो खो हसला. सासूबाई आत निघून गेल्या. दुसऱ्याने नळाकडे पाहिलंही नाही. स्वयंपाकघरातला चांगला चालता बोर्ड उचकटून नवा बसवला आणि "आता निर्धास्त राहा" म्हणून काखा वर केल्या. नळ दुसऱ्या दिवशी सकाळी चावलाच.

शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने नाव सुचवलं. नाव म्हणजे टोपणनावच. "फ्यूजमामांना बोलवा. माणूस सोनं आहे. फक्त जाताना त्यांचा खिसा बघा."

मी दचकले. "म्हणजे? चोऱ्या करतात?"

"छे हो! बोलवा तर, कळेल."

फ्यूजमामा सांगितल्या वेळी आले, तिथेच मी अर्धी गार पडले. उंच, काटकुळे, एका पायाने जरासे लंगडत चालणारे. सदऱ्याला समोर दोन मोठे खिसे, त्यांची तोंडं सारखी आत हात घालून घालून सैल पडलेली. हत्यारांची पिशवी त्यांनी दारातच ठेवली आणि विचारलं, "लागतं कुणाला?"

याआधी आलेल्यांनी विचारलं होतं, नळ कुठे आहे.

मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. मामा त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "मावशी, सांगा. सगळं सांगा."

सासूबाईंनी आधी मान फिरवली. किती वेळा हसू करून घ्यायचं? मग हळूहळू बोलायला लागल्या. आधी बोटांना मुंग्या येतात, मग कोपरापर्यंत झिणझिणतं, कधी तर हात झटकला जातो. दुपारी नाही, संध्याकाळी नाही, सकाळी आंघोळीच्या वेळी. रविवारी सगळ्यांचंच उशिरा, तसा तोही उशिरा चावतो. नवऱ्याने माझ्याकडे 'ऐकलंस?' अशा नजरेने पाहिलं. सुट्टी पाळणारा नळ!

मामा हसले नाहीत. "आणि अजिबात चावला नाही, असं कधी झालं?"

सासूबाईंनी विचार केला. "झालं की. मधे आठवडाभर मी सुखाने न्हाले. वरचे साहेब आणि काकू फिरायला गेले होते ना, तेव्हाच."

मामांनी छताकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या पायांकडे. "तुम्ही न्हाणीघरात अनवाणी जाता?"

"चपलेवर पाय घसरतो माझा."

"आणि बाकीचे?"

बाकीचे आम्ही सगळे रबरी चपला घालून जातो. तसं मी सांगितलं. मामांनी मान डोलावली. तेवढ्यात माझ्या नवऱ्याला राहवलं नाही. "मामा, आईचं वय झालंय. तुम्ही स्वतःच एकदा हात लावून बघा ना."

मामांनी दोन्ही तळवे त्याच्यापुढे पसरले. पिवळट, जाड, चिरा पडलेले, चपलेच्या तळासारखे कोरडे. "दादा, माझ्या हाताचं काही सांगू नका. जन्मभर तारा ओढून ओढून हे असे झालेत. बारीकसारीक करंट यांना आता कळतच नाही. मी हात लावून 'काही नाही' म्हणायचं आणि मागून कुणीतरी मरायचं. त्यापेक्षा ज्याला लागतं त्याला विचारावं. मावशींची कातडी पातळ, त्यात ओली, त्यात अनवाणी पाय. यांच्यापेक्षा चांगला मीटर मी कुठून आणू?"

सासूबाईंना आजवर बऱ्याच लोकांनी बरंच काही म्हटलं होतं, त्यात बहुतेक वेळा मीच होते. पण मीटर कुणी म्हटलं नव्हतं. त्या खुर्चीत जरा ताठ झाल्या.

मग मामांनी आमच्या घराचा मुख्य फ्यूज, तो चिनी मातीचा पांढरा ठोकळा, खेचून काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. म्हणाले, हे आधी. हात भिंतीत असताना घरातल्या कुणी मागून फ्यूज लावला तर संपलंच. तरुणपणी ते एका नाटक कंपनीत दिवे सांभाळायचे. शिडीच्या टोकावर असताना खालच्या कुणीतरी मदत म्हणून बटण चालू केलं. मामा दिव्यासकट खाली आले आणि पाय कायमचा आखडला. "तेव्हापासून फ्यूज माझ्या खिशात," ते हसत म्हणाले. "आता कुणाला मदत करायची असली तरी आधी माझ्या खिशात हात घालावा लागतो."

त्यांनी घर फिरून पाहिलं आणि पाहता पाहता आमची शाळा घेतली. एका सॉकेटला आम्ही फ्रीज, मिक्सर आणि इस्त्री लोंबकळत ठेवली होती. तिथे हात लावून म्हणाले, बघा, गरम लागतंय, हे एक दिवस पेटणार. प्लगची टोकं काळी पडली की तो घासत बसायचा नाही, सॉकेट बदलायचं. दिवा लुकलुकला की दिव्याला शिव्या देण्याआधी तार सैल आहे का ते बघायचं. फ्यूज उडाला की जाड तार घालून त्याला पैलवान करायचं नाही. त्याने उडावं म्हणूनच त्याला तिथे ठेवलंय. जळका वास आला तर आधी मुख्य बटण बंद, मग बाकीची चर्चा. हे सगळं बोलताना आवाज असा, की आपण चुकलोय असं वाटत नाही, आपल्याला आत्ताच कळलंय असं वाटतं. माझ्या नवऱ्यासारखा माणूस मान हलवत ऐकत होता. ही किमयाच.

आमच्या तारांत त्यांना दोष सापडला नाही. उद्या सकाळी आंघोळीच्या वेळी येतो, तोवर मावशींनी नळाला हात लावायचा नाही, असं बजावून ते गेले.

ते गेल्यावर पंधरा मिनिटांनी आमच्या लक्षात आलं, की पंखा का फिरत नाही. इस्त्रीवाल्याचं म्हणणं तेव्हा कळलं.

संध्याकाळी एक ठुसक्या बाई पर्समध्ये आमचा फ्यूज घेऊन दारात उभ्या. या मामी. बल्ब आणि तारांचं छोटंसं दुकान त्याच बघतात. नवरा घरी आला की पाणी देण्याआधी खिसा तपासायचा, हा त्यांचा संसारातला पहिला नियम. "लोकांच्या नवऱ्यांच्या खिशात काय काय सापडतं," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याच्या खिशात लोकांचा उजेड सापडतो. रोज संध्याकाळी वाटत फिरते."

सकाळी मामा आले. वरच्या मजल्यावर बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला तशी त्यांनी नळाला टेस्टर लावला. टेस्टरमधला लाल दिवा लागला. मंद, पण लागला. मामांनी माझ्या नवऱ्याला जवळ बोलावलं. मग आमचा मुख्य फ्यूज काढून पुन्हा टेस्टर लावला. दिवा तसाच.

"म्हणजे आपल्या घरातलं नाही," मामा म्हणाले. "वरच्यांच्या गिझरमधून येतंय. करंट कुठे फुटलाच तर तो निमूट जमिनीत जावा म्हणून अर्थिंगची तार असते. ती दोन्ही घरांना मिळून एकच आहे आणि खाली कुठेतरी तुटलीये. मग तो बिचारा जाणार कुठे? पाइपातून तुमच्या नळापर्यंत येतो आणि मावशींच्या अनवाणी पायांतून जमिनीत जातो."

नवरा त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिला. सासूबाई दारात उभ्या होत्या. "बघ," एवढंच म्हणाल्या. मला अगदी भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पण इथे संपेल तर ते आमचं घर कसलं! वरचे साहेब एका कचेरीतून निवृत्त झालेत आणि ही बातमी त्यांना अजून पोचलेली नाही. त्यांनी दारातच सांगितलं, गिझर चांगल्यातला आहे, उघडायचा नाही. मामांनी विचारलं, "साहेब, तुमच्याकडे लागतं कुणाला?"

"कुणालाही नाही. खालच्या आजींना काय काय वाटतं, त्याला आम्ही काय करणार?"

त्यांच्यामागे काकू उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि नजर खाली घातली. मामा त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, बरं, नुसता गिझरचा फ्यूज बघतो. साहेबांनी उपकार केल्यासारखी वाट दिली. मामांनी फ्यूज काढला, उजेडात धरून फिरवून पाहिला, खिशात टाकला, नमस्कार केला आणि जिना उतरून गेले.

नवऱ्याने दिरांना फोन लावला. दिरांनी लगेच साहेबांना फोन लावला आणि साहेबांनी सांगितलं, गिझर ठणठणीत आहे, सगळे मनाचे खेळ. झालं. "एका टेस्टरच्या दिव्यावर मी आईचा जीव सोपवू?" दीर म्हणाले. "खोली एकदा गेली की पुन्हा मिळायची नाही. रविवारी येतोय." सासूबाईंनी मशीनवर कापड घातलं आणि कपाटातून बॅग काढली. तो दिवस मला अजून आठवला की संताप येतो.

वर काय झालं असेल ते सांगायला नको. फ्यूजच नाही तर गिझर तापणार कसा? साहेबांनी एकेका वायरमनला फोन केले. सगळे निघालोच होते. कुणी पोचला नाही. साहेब स्वतः मामींच्या दुकानात गेले, तर मामी म्हणाल्या, "अगंबाई, काल खिसा बघायचाच राहिला! आणि ते तर तो सदरा घालूनच कामाला गेलेत." मामी खिसा बघायला विसरल्या, असं त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असावं. विसरण्याबद्दल मामांची ख्यातीच अशी, की साहेबांना भांडताही येईना. ते घरी येऊन गार पाण्याने न्हाले. गार पाण्याने न्हाणाऱ्या साहेबांचा आवाज आम्हाला खालपर्यंत ऐकू आला.

त्या सकाळी आमचा नळ चावला नाही. मामांनी सांगून ठेवल्याप्रमाणे मी टेस्टर लावून पाहिला, दिवा लागला नाही. पण हे मी दिरांना सांगून काय उपयोग? साहेब म्हणाले असते, योगायोग.

दुपारी काकू खाली आल्या. आजवर त्या आमच्याकडे कधी टेकल्या नव्हत्या. सासूबाईंसमोर बसल्या, उघडी बॅग पाहिली आणि त्यांचे डोळे भरले.

"मलाही लागतं," त्या म्हणाल्या. "कितीतरी दिवस. आंघोळीला बसले, नळ धरला की मुंग्या येतात. पण तुम्ही सांगितलंत तर तुम्हाला डॉक्टरकडे नेलं. आता घरातूनच नेतायत. मी म्हटलं, आपण कशाला तोंड उघडा?"

सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. मग सासूबाई म्हणाल्या, "जा आणि त्यांना सांगा. सांगितलं नाहीत तर पुढची बॅग तुमची."

काकूंनी वर जाऊन काय सांगितलं आणि कसं, ते मला माहीत नाही. आवाज मोठा झाला नाही. पण रविवारी सकाळी साहेब स्वतः मामांना बोलवायला गेले आणि त्यांची पिशवी स्वतःच्या हातात धरून घेऊन आले. माणूस हट्टी होता, वाईट नव्हता. जिन्यात मला म्हणाले, "तिने मला सांगितलंच नाही हो. इतकी वर्षं बरोबर राहून मला सांगावंसं वाटलं नाही तिला." त्यांचा चेहरा इतका पडला होता, की टोमणा मारायची माझी सवयसुद्धा त्या दिवशी गप्प बसली.

मामांनी दोन्ही घरांचे फ्यूज काढून खिशात टाकले आणि गिझर उघडला. आतली तापवणारी नळी फुटून करंट थेट टाकीत उतरला होता. अर्थिंगची तार जिन्याखाली सापडली. कधीतरी पाइप बदलताना कुणीतरी ती कापून भिंतीत खोचून दिली होती. नळी बदलली, तार नवी ओढून जमिनीतल्या पट्टीला घट्ट बांधली. साहेब शिडी धरून उभे होते. मग वरचा फ्यूज लावला, गिझर चालू केला, आमच्या नळाला टेस्टर लावला. दिवा नाही.

नेमके तेव्हाच दीर आले. पायात बूट तसेच, हातात गाडीची किल्ली. नवऱ्याने सगळं सांगितलं, साहेबांनी खाली येऊन सांगितलं, जळकी नळी दाखवली. दीर म्हणाले, "ठीक आहे. पण जागा तर ठरली आहे. आई तयार आहे ना?"

मामा नळापाशीच उभे होते. ते म्हणाले, "थांबा. अजून काम झालेलं नाही. मावशी, टेस्टर काही म्हणो. आता तुमचा मीटर लावा."

सासूबाई आत गेल्या. त्यांनी नळाचं फडकं सोडून बाहेर माझ्या हातात दिलं. मी गॅसवर तापवलेल्या पाण्याची बादली आत ठेवली आणि दार लागलं. बाहेर आम्ही सगळे उभे, साहेब आणि काकूसुद्धा. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. बंद झाला. पुन्हा सोडला. मग धो धो पाणी. तांब्यावर तांबे. इतकी लांबलचक आंघोळ त्यांनी कित्येक महिन्यांत केली नव्हती. मधेच त्या काहीतरी गुणगुणायला लागल्या आणि काकू एकदम हसल्या.

केस पुसत बाहेर आल्या. मामांकडे बघून म्हणाल्या, "नाही चावला."

"मग झालं काम," मामा म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. कौतुक, आभार, चहा, कशालाच थांबले नाहीत.

थोरले दीर तसेच उभे होते. "आई, तू आधीच नीट का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की," सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही, अगदी सरळ. "तुम्ही सगळे पायात चपला घालून ऐकत होतात."

मग दीर वाकले, बुटांचे बंद सोडले, बूट काढून दारापाशी ठेवले आणि अनवाणी येऊन आईच्या पायाशी फरशीवर बसले. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मी बॅग उचलून आतल्या खोलीत नेली आणि साड्या कपाटात लावायला घेतल्या.

घरात विलक्षण उकडत होतं. पंखा बंद होता, कारण मामा आमचा फ्यूज खिशात घालून घरी गेले होते. संध्याकाळी मामी आणून देतील हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तोवर उठायची कुणालाच घाई नव्हती.